खंडूमामा आणि शेवटचा खुंटा

खंडूमामा फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. घंटी वाजली की डाव्या कानाला रिसीव्हर लावून ते म्हणायचे, “बोला, कोण पाहिजे? आन् कशाला?” मुंबईच्या हेड ऑफिसातल्या एका बाईंनी याची लेखी तक्रार केली होती. मॅनेजर साहेबांनी मामांना बोलावून समजावलं, की नुसतं कंपनीचं नाव घ्यायचं आणि ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “साहेब, कशाला पाहिजे ते कळल्याबिगर मी त्याला धाडू कुणाकडं? दारात आलेल्या माणसाला काय गुड मॉर्निंग म्हणून तसाच उभा ठेवू?” मामांचं ‘कशाला’ तसंच चालू राहिलं.

औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात मामा टेलिफोन ऑपरेटर होते. गाव फुलंब्रीच्या पुढचं, फाट्यावर उतरून आत चालत जायचं; नोकरीपुरते मामा शहरातच राहायचे. घराणं मेंढपाळांचं. वडील आयुष्यभर मेंढरांमागे फिरले. मामा मात्र दहावीपर्यंत शिकले, टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत खांब उचलले आणि तिथून कारखान्याच्या बोर्डवर येऊन बसले. बोर्ड म्हणजे जुना, दोऱ्यांचा. बाहेरून फोन आला की एक छोटी झडप पडायची, मग मामा एक दोरी इकडे खोचायचे, एक तिकडे, आणि दोन माणसं बोलायला लागायची. रिसीव्हर कायम डाव्या कानाला. उजवा कान मोकळा. “एक कान फोनला, एक कान माणसाला,” हा त्यांचा नियम होता. बोर्डशेजारून कोण कुठे चाललंय हे ते पावलांवरून ओळखत, म्हणून कोणता साहेब कोणत्या खात्यात सापडेल हे त्यांना त्या साहेबाच्या आधी ठाऊक असे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तिथे मेंटेनन्सला लागलो. आमच्याकडे असा समज होता, की इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला सगळंच येतं. पंखा बंद, बोलवा त्याला. मॅनेजरच्या घरचा टीव्ही मुंग्या दाखवतोय, बोलवा त्याला. त्यामुळे दोऱ्यांचा बोर्ड काढून नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसवायचं ठरलं, तेव्हा ती पीडा माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. विकणारे लोक आले, भिंतीवर कपाटाएवढा डबा ठोकला, पेढे खाल्ले आणि एक माहितीपुस्तक माझ्या हातात देऊन गेले. त्या पुस्तकाचं इंग्रजी असं होतं, की ते कोणत्या देशात लिहिलं गेलं असावं याचा विचार करण्यातच माझी पहिली दुपार गेली.

काम ऐकायला सोपं होतं. बाहेरून आलेला फोन आधी कुठे वाजेल, आठ घंट्यांत कुणी उचलला नाही तर पुढे कुठे जाईल, तिथेही नाही उचलला तर कुठे, याचा एक तक्ता यंत्राला भरवायचा. कामाच्या दिवसाची एक ओळ, ऑफिस सुटल्यानंतरची दुसरी, साप्ताहिक सुट्टीची तिसरी. आमची सुट्टी शुक्रवारची, कारण विजेच्या वाटणीत आमच्या भागाची वीज शुक्रवारी बंद असे. यंत्राच्या पुस्तकात मात्र सुट्टी म्हणजे रविवार, दुसरं काही असू शकतं हे त्याला मान्यच नव्हतं; शुक्रवार आम्हालाच आकड्यांनी शिकवावा लागे. हे सगळं भरायचं ऑपरेटरच्या फोनवरून: आधी स्टार, मग आकडे, मग आकडे, मग आणखी आकडे, शेवटी हॅश. बरोबर झालं तर एक लांब सूर. चुकलं तर ‘टुक टुक टुक’. कुठे चुकलं ते सांगायची पद्धत नाही. पुन्हा पहिल्यापासून. त्या टुकटुकीने माझ्या आयुष्यातली किती चिडचिड खाल्ली असेल याचा हिशेब नाही. अजूनही रस्त्यावर एखादी गाडी मागे घेताना तसा आवाज करते, तेव्हा माझे दात आवळले जातात.

आणि त्या टुकटुकीच्या शेजारी स्टुलावर खंडूमामा. हातात मी तयार केलेला कागदी तक्ता. ते वाचायचे, मी दाबायचो.

“अकाउंट,” मामा वाचायचे. “नाय उचलला तर?”

“तुमच्याकडे, ऑपरेटरला.”

“आन् मी पाणी प्यायला गेलो आसंल तर?”

“टाइम ऑफिसला.”

“आन् तिथं बी नाय उचलला तर?”

“मामा, किती वेळ वाजवायचा एक फोन? नाही उचलला तर नाही उचलला! तो करेल पुन्हा.”

मामा कागद मांडीवर ठेवायचे. “साहेब, आमचा बाप सांजच्याला मेंढरं मोजायचा. एक कमी आलं तर जेवायला बसत नव्हता. आमी म्हणायचो, येईल सकाळी. तो म्हणायचा, सकाळी कातडं येईल. फोन बी तसाच हाय. कुठंतरी त्याला शेवटचा खुंटा पाहिजे, जिथं माणूस हायेच हाये. तुमच्या तक्त्यात खुंटाच नाय.”

मला राग यायचा. खरं सांगायचं तर राग त्यांच्या म्हणण्याचा नव्हता, ते बरोबर आहे हे मला कळायचं याचा होता. त्यांचं म्हणणं शेवटचा खुंटा म्हणून कँटीन द्यावं. कँटीनचा आचारी तिथेच राहायचा, सणवार, सुट्टी, काही असो, तिथे एक माणूस हमखास असायचा. मी भीत भीत ते मॅनेजर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “गिऱ्हाइकाला काय भांड्यांचा आवाज ऐकवायचा? आणि कामगारांचे घरगुती फोन तिथे यायला लागले म्हणजे झालंच.” हे घरगुती फोनचं त्यांना फार होतं. खात्यातल्या फोनवर कामगाराचा बाहेरचा फोन जोडायचा नाही, असा नियमच होता. मामा नियम पाळायचे. फोन जोडायचे नाहीत. स्वतः उठून निरोप घेऊन जायचे. सगळ्यात जास्त निरोप असायचे पेंट शॉपमधल्या सुधाकरचे. सुधाकर मामांच्याच गावचा, तिथल्या बौद्ध वस्तीतला, रोज एसटीने ये-जा करणारा. स्प्रे गन हातात घेतली की पत्र्यावर रंग असा बसवायचा, की एक ओघळ दिसायचा नाही. गावात फोन एकच, हमीदभाईंच्या किराणा दुकानात, आणि सुधाकरच्या घरच्यांचा सगळा कारभार त्या एका फोनवर. मामा पेंट शॉपच्या दारातून हाक मारायचे, “ए सुधाकर, बाजारातनं येताना तुपल्या लेकीला वह्या आन म्हणत्यात!” अख्ख्या खात्याला कळायचं.

त्या वर्षी हिवाळ्यात हवा बिघडलेली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पंधरा-सोळा वर्षं धुमसत होता, आणि शहरात मोर्चे निघायचे तेव्हा गावोगावच्या दलित वस्त्यांना त्याची झळ बसायची. आता निर्णय होणार, अशी कुणकुण होती. कारखान्यातही लोक जेवायला वेगवेगळे बसू लागले होते. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मामांना मुद्दाम छेडलं, “काय मामा, तुमचं मत काय? नाव द्यायचं का नाय?” मामा भाकरी मोडत म्हणाले, “द्या की. त्याच्यानं कुणाच्या मेंढराचा चारा कमी होतोय? ज्याला नाव पाहिजे त्यानं सोळा वरसं मार खाल्लाय. आपुण काय खाल्लंय? भाकरी.” सुधाकर समोरच होता. आपल्या डब्यातली ठेच्याची वाटी त्याने मामांकडे सरकवली.

माझं लक्ष या सगळ्यात नव्हतं. माझ्यापुढे वेगळंच संकट होतं. नव्या यंत्राची आठवण ठेवणारी बॅटरी रद्दी निघाली होती. शुक्रवारी वीज गेली, की शनिवारी सकाळी यंत्र कोरं. तक्ता गायब. मी पुन्हा स्टुलावर, मामा कागद घेऊन शेजारी, आणि पुन्हा टुक टुक टुक. असे तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी मॅनेजर दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होते. आम्ही सुट्टीच्या ओळीवर आलो.

“शुक्रवार. गेट,” मामांनी वाचलं. “नाय उचलला तर?”

“ऑपरेटर.”

“शुक्रवारी मी घरी आसतो.”

“मग ऑपरेटरवरून पुन्हा गेट!” मी आकडे दाबले. लांब सूर आला. बरोबर.

मामा कागदाकडे पाहत राहिले. “साहेब, हे घाण्याच्या बैलागत झालं. गेटवरनं निघतंय आन् गेटवरच येतंय. माझ्या फोनवर तर वाजत बी नाय, तसंच वळतंय. कँटीन टाका की. कोण बघू राह्यलं?”

“मामा,” मी म्हणालो, आणि ते वाक्य मला आजही शब्दन्शब्द आठवतं, “शुक्रवारी कुणी मरत नाही.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. पुढच्या ओळींना त्यांनी काहीच विचारलं नाही. मला बरं वाटलं. काम पाव तासात संपलं. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आली आणि तो तक्ता यंत्रात पक्का बसला.

मग संक्रांत आली, नेमकी शुक्रवारी. तातडीचा माल पाठवायचा होता, म्हणून कंपनीने सुट्टी शनिवारवर ढकलली आणि शुक्रवारी जनरेटरवर काम ठेवलं. अशी बदली सुट्टी आमच्याकडे वर्षातून दोन-तीनदा व्हायची. फाटकाशी नोटीस लागली. बसवाल्याला सांगितलं, कँटीनला सांगितलं, पाणीवाल्यालाही सांगितलं. यंत्राला सांगायचं राहिलं. ते माझं काम होतं.

सकाळपासून मी जनरेटरच्या मागे होतो. तो धूर ओकत होता आणि दर अर्ध्या तासाने बंद पडत होता. दहाच्या सुमाराला मामा आले.

“साहेब, सकाळधरनं बाहेरचा एक बी फोन नाय.”

“फोन लागतोय का बाहेर?”

“लागतोय. सूर हाय. आत-आतले बी चालू हायेत. पण येत नाय एक बी.”

माझे हात तेलाने भरलेले. “संक्रांत आहे मामा. लोक तिळगूळ खातायत. आज कोण कशाला फोन करेल?”

“नाय, पण आजच्या दिसाला...” ते घुटमळले. निर्णय आज जाहीर होणार असं कालपासून सगळेच बोलत होते. “आज तर फोन जास्ती यायला पाहिजेत, साहेब.”

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीत शंका. मिळालाय निवांतपणा तर बसा की जरा!”

ते गेले. बारा वाजता परत आले, दारात उभे राहिले, मला जनरेटरशी झटताना पाहिलं आणि न बोलताच परत गेले. हे मी पाहिलं होतं. मी वर मान केली नाही.

पहिली पाळी साडेतीनला सुटली. बस निघाल्या. त्यानंतर मामांना राहवलं नाही. गेटसमोर रस्त्यापलीकडे एक पीसीओ होता. मामा तिथे गेले, नाणं टाकलं आणि आपल्याच कंपनीचा नंबर फिरवला. घंटी जायला लागली. मामांनी रिसीव्हर डाव्या कानाला धरला होता, आणि उजव्या कानाने त्यांना रस्त्यापलीकडे, वॉचमनच्या केबिनमध्ये, तीच घंटी ऐकू आली. केबिन रिकामी होती. गडबडीच्या भीतीने त्या दिवशी दोघेही वॉचमन कोपऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासत होते. आठ घंट्या झाल्या. क्षणभर शांतता, म्हणजे फोन मामांच्या टेबलाकडे गेला आणि न वाजताच फिरला. मग केबिनमध्ये पुन्हा पहिली घंटी.

मामा पळत आले. त्या वयात ते पळताना मी प्रथमच पाहिलं. “घाण्याचा बैल, साहेब,” एवढंच म्हणाले. मला कळायला एक क्षण लागला. मी जाऊन स्टार-हॅश करून शुक्रवारची सुट्टी काढून टाकली. लांब सूर आला. पहिल्याच झटक्यात. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मिनिटभरात मामांच्या टेबलावरचा फोन वाजला. हमीदभाई होते. आवाज इतका मोठा, की मला शेजारी ऐकू येत होता. “मामा, सुबे से लगा रा मैं! घंटी जाती, कोई उठाताच नै! कुठं मेलात सगळे? सुधाकरला म्हणा गावाला येऊ नको. फाट्यावर पोरं जमलीत काठ्या घेऊन, एसटीतनं कोण उतरतंय ते बघू राह्यलीत. त्याची बायको-लेकरं सकाळीच फुलंब्रीला गेलीत, मेव्हणीकडं. त्याला म्हणा फुलंब्रीलाच उतर. बस, इत्ताच बोलना था!”

फक्त एक थांबा आधी उतरायचं होतं. सकाळी सहापासून तेवढंच सांगायला तो माणूस फोन करत होता.

सुधाकर साडेतीनच्या बसने स्टँडकडे गेलेला. मी स्कूटर काढली, मामा मागे बसले. मध्यवर्ती स्टँडवर पोचलो, तर फुलंब्रीकडची गाडी वीस मिनिटांपूर्वी गेलेली. तसेच पुढे निघालो. हर्सूलच्या पुढे पोलिसांची तपासणी. एसटी आधीच सोडलेल्या, खासगी गाड्यांची रांग. मामा त्या रांगेत उतरून प्रत्येक शिपायाला सांगत होते, “साहेब, सोडा, एका माणसाला निरोप द्यायचाय.” असा निरोप घेऊन कोण जात नव्हतं त्या दिवशी! पाऊण तास गेला. मी हँडल धरून नुसता उभा होतो. मला त्या पोलिसांचा राग आला, रांगेचा आला, मॅनेजरचा आला, यंत्र बनवणाऱ्याचा आला. स्वतःचा यायला अजून अवकाश होता.

फुलंब्रीला सुधाकरच्या मेव्हणीच्या दारात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याची बायको बाहेर आली. मामांना पाहून तिचा चेहरा उजळला. आमच्या मागे तिने रस्त्याकडे नजर टाकली आणि विचारलं, “मामा, हे कुठं हायेत? तुमच्यासंगं नाय आले?”

मामांनी टोपी काढून हातात घेतली.

थोड्या वेळाने हमीदभाई एका ट्रॅक्टरवर सुधाकरला घालून घेऊन आले. फोन लागला तेव्हा सुधाकर निघून गेल्याचं मामांकडून कळलं, म्हणून ते दुकान बंद करून स्वतःच फाट्यावर गेले होते. ट्रॅक्टर मिळेपर्यंत वेळ गेला, पोहोचले तेव्हा पोरं पांगली होती. सुधाकर शुद्धीवर होता. डोकं फुटलं होतं, उजवा हात कोपरात उलटा झाला होता. तो सारखा विचारत होता, “घरची कुठं हायेत?” कुणीतरी त्याच्या बायकोला पुढे केलं. तेव्हा ते विचारणं थांबलं.

त्याच दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला होता. रात्री सरकारी दवाखान्यात त्याला दाखल केलं तेव्हा बाहेरच्या टपरीवरच्या रेडिओत ती बातमी चालू होती. मला ही बातमी म्हटली की तो ट्रॅक्टर आठवतो. यात बातमीचा दोष नाही.

सोमवारी मॅनेजर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. सुधाकरसाठी नव्हे. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने शुक्रवारी दिवसभर कंपनी फोन उचलत नाही म्हणून तक्रार केली होती. “जबाबदार कोण?” त्यांनी विचारलं. मी बूट पाहत उभा होतो. मनात एक नीच आशा होती, की मामा म्हणतील, यंत्राचा दोष.

मामा म्हणाले, “खुंटा ह्या साहेबांनी मारला नाय. ती चूक त्यांची. पण खुंटा हालवून बघायचं काम माझं हुतं. मी इचारायचो, मग एक दिस इचारणं सोडलं. साहेब चिडत्यात म्हणून सोडलं. चिडू द्यायचं हुतं.” मग माझ्याकडे वळून, अजिबात आवाज न चढवता, “आता कँटीन टाका.”

मी त्याच दुपारी कँटीन टाकलं. या वेळी मॅनेजरनी अडवलं नाही.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मामांनी एक शिरस्ता पाळला. रोज सकाळी कामावर यायच्या आधी ते समोरच्या पीसीओवर थांबायचे, कंपनीचा नंबर फिरवायचे आणि घंटी कुठे वाजते ते ऐकायचे. आचाऱ्याने उचलला तर म्हणायचे, “हां, हायेस का? ठेव.” लोक हसायचे. पीसीओवाला तर म्हणायचा, मामांना स्वतःशीच बोलायला फोन लागतो. मी कधी हसलो नाही. मी त्यांच्याशी नीट वागू लागलो, त्यांनी शंका काढली की काम टाकून उठू लागलो. पण एक गोष्ट मी केली नाही. सुधाकर दीड महिना दवाखान्यात होता. मी दोनदा फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. मामा रोज जायचे. एकदा बाहेर पडताना त्यांनी मला फाटकाशी पाहिलं. “वॉर्ड नंबर चार,” म्हणाले, “उजवीकडनं तिसरी खाट,” आणि सायकलवर बसून निघून गेले.

सुधाकरचा हात बरा झाला, पण वर उचलेना. स्प्रे गन सुटली, नोकरीही सुटली. पुढे अपंगांच्या कोट्यातून त्याला एसटीडी-पीसीओचं बूथ मिळालं, फुलंब्रीलाच. अर्ज मामांनी भरला होता, खेटेही त्यांनीच घातले. मला हे सगळं मामांकडून कळायचं, आणि मी ‘बरं झालं’ म्हणायचो.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी माझी डायरी मागितली आणि आपल्या हाताने तीन नंबर लिहिले. “ह्यो गावच्या घरचा, नवा घेतलाय. तिथं नाय उचलला तर हमीदच्या दुकानाचा. तिथं बी नाय उचलला तर हा सुधाकरच्या बूथचा. हा शेवटचा खुंटा. इथं माणूस हायेच हाये.” मी नोकरी बदलून नाशिकला गेलो. दर संक्रांतीला मामांना फोन करायचो. “बोला, कोण पाहिजे? आन् कशाला?” “तिळगूळ घ्या मामा.” “द्या की.” कधी घरी उचलला नाही, तर हमीदभाईंच्या दुकानात लावायचो, ते मामांना बोलावून आणायचे. दोन्हीकडे नाही लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घरी लावायचो. तिसऱ्या नंबरापर्यंत मी कधी गेलो नाही.

मग एका संक्रांतीला घरचा फोन वाजत राहिला. दुकानाचा नंबर बंद झालेला होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी मी डायरी उघडून बराच वेळ बसलो आणि मग तिसरा नंबर लावला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

“बोला, कोण पाहिजे? आन् कशाला?”

क्षणभर वाटलं, मामाच. पण आवाज मामांपेक्षा तरुण होता. मी नाव सांगितलं.

“मामा गेले, साहेब,” सुधाकर म्हणाला. “संक्रांतीच्या आधी चार दिवस. घराला कुलूप हाय, मामींना लेकीनं नेलं. तुमचा फोन येणार म्हणून तीन दिस झाले बूथ सोडलं नाय मी. मामा सांगून गेले हुते.”

मला रडू आलं, आणि त्या रडण्यात ते इतक्या वर्षांचं निघालं. “सुधाकर, त्या दिवशीचा फोन... शुक्रवारची ती ओळ मी भरली होती. मामांनी सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नाही.”

“म्हाईत हाय. मामांनी दवाखान्यातच सांगितलं हुतं.”

“मग इतक्या वर्षांत तू मला काही बोलला का नाहीस?”

पलीकडून कुणीतरी बूथवर आल्याचा आवाज आला. सुधाकरने त्याला थांबायला सांगितलं आणि पुन्हा फोन कानाला लावला.

“माझा नंबर तुमच्याकडं हुता, साहेब,” तो म्हणाला. “तुमी कधी केलाच नाय.”

मी फोन तसाच धरून बसलो. त्यानेही ठेवला नाही.